काय नमुना आहे!

आमच्या सोसायटीच्या गणपतीत मसालेभात झाला की नाही हे बघण्याचं काम माझ्याकडे आलं. कारण एकच, पदवीला मी संख्याशास्त्र घेतलं होतं. मी टोपावरचं झाकण सारलं, मधोमध वरचं एक शीत उचललं, बोटांत चिरडलं. मऊ! ‘झालाय,’ मी जाहीर केलं. शितावरून भाताची परीक्षा हे वाडवडिलांनीच सांगून ठेवलेलं; मी कोण शंका घेणार?

पंगत बसली आणि कुजबुज सुरू झाली. कडेचा भात कचकचत होता, बुडाचा करपला होता. नीट शिजलं होतं ते बहुधा मी उचललेलं शीत.

आचारीबुवा काही बोलले नाहीत. दुसऱ्या टोपात त्यांनी झारा बुडापर्यंत घातला, भात खालचा वर केला, चार ठिकाणची शितं तळहातावर घेतली. मग म्हणाले, ‘साहेब, आधी हलवायचं, मग बघायचं.’

तीन वर्षांचा अभ्यासक्रम चार शब्दांत संपला. ज्याच्याबद्दल बोलायचं तो अख्खा टोप म्हणजे समष्टी आणि तळहातावरची शितं म्हणजे नमुना. समष्टीला इंग्रजीत ‘पॉप्युलेशन’ म्हणतात, त्यामुळे कॉलेजात पहिले दोन महिने मी माणसंच मोजत होतो. तांदळाच्या दाण्यांचीही पॉप्युलेशन असते, हे कळायला दिवाळी उजाडली.

बरं, नमुना मोठा घेतला की भागतं, असंही नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका धाडल्या. २० लाखांवर परत आल्या. भाकीत निघालं, लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, लँडन यांच्या पदरी ४८ पैकी २ राज्यं! नावं घेतली होती मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. ऐन मंदीत फोन आणि मोटार कोणाकडे? वरच्या थराकडे. शितं वीस लाख, पण बरीचशी वरची.

आणि शेतात गेलं तरी माणसाचा कल सुटत नाही. पिकाचा अंदाज घ्यायला शेतातला एक तुकडा आखून कापतात, धान्य तोलतात. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. सीमेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न पडला की भरलेलं कणीस बाहेर ठेवायला हात धजतच नाही. लहान तुकड्यात सगळी सीमाच!

गंमत मराठीची आहे. संख्याशास्त्रात नमुना म्हणजे चारचौघांसारखा; घरात मात्र चारचौघांसारखा नसेल तोच नमुना.

रात्री घरी आलो. ही म्हणाली, ‘काय नमुना आहे आमच्या नशिबी!’

मी शास्त्राचा आधार घेतला. ‘एका भातावरून सबंध माणसाबद्दल निष्कर्ष काढू नये.’

‘एका भातावरून कोण काढतंय?’ ती म्हणाली. ‘बावीस वर्षं झाली. तुमचा अख्खा टोप बघितलाय मी, करपलेल्या बुडासकट.’