कुत्रा कोणाचा?

परवा भाचीने मिसळ खाता खाता सतरा मुलगे नाकारले. दुसरा पाव संपायच्या आत. अंगठा डावीकडे, की गेला. आमच्या काळी एक मुलगा नाकारायचा तर आत्या, मामा आणि पातेलंभर पोहे लागायचे.

म्हणजे पोरं स्वतंत्र झाली म्हणायची?

मी मोबाइल मागून घेतला. चौथ्या मुलापासून कोण कोणता तेच कळेना. एका फोटोत कोकणकड्यावर पाठमोरा, दुसऱ्यात कॉफीचा कप, तिसऱ्यात मांडीवर झुपकेदार कुत्रा. पूर्वी स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असायचा आणि पुढे खरा माणूस. आता कडा खरा आहे.

एक बरा दिसला. "नको गं मावशी, त्याने 'ओके'ऐवजी नुसता 'के' पाठवला. रेड फ्लॅग!"

हे शास्त्र कुठलं? रीलमधलं. तीस सेकंदांत कोणीतरी डोळे मोठे करून सांगितलं आणि लाखोंनी मान डोलावली. निदान गुरुजी पंचांग तरी उघडायचे. पत्रिकेतला मंगळ गेला, 'के' आला.

आणि चाळणी? शादी डॉट कॉमवर २०२० पर्यंत त्वचेच्या रंगानुसार स्थळं शोधायची सोय होती. अमेरिकेतल्या भारतीय मुलींनी सह्या गोळा केल्या, तेव्हा ती निघाली. कंपनीचं म्हणणं, ती जुनी उरलीसुरली गोष्ट होती.

आमच्या आजीच्या डोक्यातही ती उरलीसुरलीच होती. आजीसाठी मात्र कोणी सह्या घेतल्या नाहीत.

बंबल या डेटिंग अ‍ॅपचा नियम भारी: मुलामुलीचं जुळलं की आधी मुलीनेच बोलायचं. क्रांतीच! २०२४ मध्ये नियम सैल झाला. आता मुलीने हवं तर एक प्रश्न आधीच लावून ठेवायचा, समोर येईल त्याने उत्तर द्यायचं. ठरलेला प्रश्न, घोटलेलं उत्तर. पोहे तेवढे राहिले.

हिंज तर म्हणतं, आमचं अ‍ॅप काढून टाकण्यासाठीच बनवलंय. हिंज ज्या मॅच ग्रुपचं, त्याच ग्रुपचं टिंडर. वधू-वर सूचक मंडळातल्या काकूंना लग्न जमलं की पेढे मिळायचे. इथे जमलं की दोन गिऱ्हाइकं जातात. सांगा, घाई कोणाला असेल?

भाचीला विचारलं, तुला नक्की कसा हवा? "जेन्युइन," म्हणाली. कुठे ऐकलास हा शब्द, हे विचारायचं मी टाळलं. मिसळ गार होत होती.

अठरावा उजवीकडे गेला. कारण? कुत्रा.

रविवारी दोघं डेक्कनला भेटली. हिने पहिलाच प्रश्न टाकला, कुत्र्याचं नाव काय? गडी गडबडला.

कुत्रा खालच्या मजल्यावरच्या काकांचा होता.