पन्नास रुपये भरा, राज्य करा

मुंबई महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला एकदाची उरकली आणि २२७ नगरसेवक गुलाल पुसून कामाला लागले. त्याआधीची जवळजवळ चार वर्षे त्यांच्यावाचून कुणाचे अडले होते, असे आमच्या गिरगावात तरी कुणाला आठवत नाही. पाणी सकाळी येत होते, खड्डे बुजत नव्हते. म्हणजे सारे पूर्ववतच. तेव्हा हा लोकशाहीचा खटाटोप आवरता घेऊन मुंबईने आपल्या मूळ वळणावर जावे, असा माझा नम्र प्रस्ताव आहे. मूळ वळण म्हणजे मोजक्यांचे राज्य.

ते काही रशियातून मागवायला नको. १८६५ च्या कायद्याने शहर जस्टिस ऑफ द पीस या सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांच्या स्वाधीन होते. प्रत्यक्षात आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या. साहेबांनी हात सैल सोडून खर्च केला, करदाते ओरडले आणि १८७२ चा कायदा आला. ६४ सभासद. १६ सरकारचे, १६ जस्टिस मंडळींनी निवडलेले आणि ३२ करदात्यांचे. करदाता कोण? जो वर्षाला निदान पन्नास रुपये भरतो तो. काय हा प्रांजळपणा! आज आम्हाला 'मतदारराजा' म्हणतात. तेव्हा सरळ पावती मागत.

शिवाय मोजक्यांच्या राज्यात निवडणुका रंगतात. १९०७ साली जस्टिसांच्या १६ जागांसाठी फिरोजशहा मेहतांना पाडायला गोऱ्या अधिकाऱ्यांनी चक्क पॅनेल उभे केले, हाउसिंग सोसायटीत करतात तसे. मुंबईचा बेताज बादशहा सतरावा आला! पुढे निवडून आलेल्यांतला एक जण अपात्र ठरला म्हणून मेहता आत गेले. आज मुख्यालयासमोर पुतळा त्यांचा आहे, पॅनेलवाल्यांचा नाही. भाडेकरूला मत मिळायला मात्र १९२२ उजाडले, आणि सरसकट सगळ्यांना मिळाले ते १९४८ च्या निवडणुकीत. बिघडले ते तिथून.

आता माझा प्रस्ताव लालबागेत लावून पाहा. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, पोटमाळ्यावर मुलगा-सून, संडास गॅलरीच्या टोकाला. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण १८७२ चा नियम लावला की कर नाही म्हणून मत नाही; अख्खी चाळ यादीबाहेर! बीडीडी चाळींत १६० फुटांच्या खोलीबदली नवे घर मिळते ते बरोबर ५०० फुटांचे. सरकारची दूरदृष्टी म्हणतात ती हीच असावी.

यादीत उरतील ते समोर गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरातले. त्यांचीही पूर्वपुण्याई मोठी आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या निजल्या. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये दुरुस्ती झाली: वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, शेड उभ्या आहेत तिची नाही. गिरणीच्या आवारात शेड सोडून मोकळे असे असते किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुरुस्ती ग्राह्य धरली. मोर्चे-आंदोलने करून जे जमले नसते ते एका ओळीत झाले. मोजक्यांचा कारभार सुटसुटीत असतो तो असा.

आणि तालीमही झालेली आहे. मार्च २०२२ पासून महासभा, स्थायी समिती आणि प्रशासक एकाच खुर्चीत बसले होते. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. २०२५-२६ चे ७४,४२७ कोटींचे अंदाजपत्रक एकाही सभात्यागाविना पार पडले. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यालयातली पक्ष कार्यालये सीलबंद झाली आणि पुढच्या जुलैत उपनगरच्या पालकमंत्र्यांना तिथेच दालन मिळाले. जागा वाया जाऊ दिली नाही, हे कौतुकास्पद.

परळ-लालबागच्या मंडळींना एवढीच विनंती: करमाफी नको म्हणून अर्ज करा. यंदा गणपतीची वर्गणी काढाल तेव्हा दर खोलीमागे पन्नास रुपये जास्त काढा, वॉर्ड ऑफिसात भरा आणि पावती जपून ठेवा.