मान्सून पॅकेजवाल्यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. मान्सून पॅकेजवाले यांस,
सा. न. वि. वि.

आंबोलीत पाऊस लागून राहिलाय, वीज जाऊन-येऊन आहे. अशात आपली तक्रार कानावर आली : 'जीमेलवरून दिवसाला पाचशेच मेल? धंदा करायचा कसा?' ऐकून जीव हळहळला. वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस ओतणाऱ्या ढगांना कुणी कोटा लावत नाही, आणि त्याच पावसाच्या जाहिरातीला लावावा?

आपली मेल मला पोचली बरं. 'डिअर सर/मॅडम, एकदा तरी आंबोली पाहाच!' मी आंबोलीतच राहतो. शेजारच्या काकींनाही तीच. त्या म्हणाल्या, "माका आंबोलीक कित्याक बोलयतत? मी हयच आसंय!" वर 'टू'च्या रकान्यात शे-दीडशे पत्ते उघड्यावर, आणि बीसीसीचा रकाना रिकामा. मग कुणीतरी 'रिप्लाय ऑल' करून 'माझं नाव काढा' म्हणालं, दुसऱ्याने 'माझंही', तिसऱ्याने 'सगळ्यांना कशाला पाठवता?' हेही सगळ्यांनाच. आपली मर्यादा जराही न खर्चता केवढा प्रचार झाला!

आपली परंपरा थोर आहे. 3 मे 1978 रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे अर्पानेटवर, सुमारे 400 जणांना जाहिरात धाडली. पत्ते रकान्यात मावेनात, ते मजकुरात सांडले. म्हणजे मर्यादेशी आपलं भांडण पहिल्या दिवसापासूनचं. आपल्याकडे तर 2011 साली ट्राय या दूरसंचार नियामकाने साध्या एसएमएसलाही दिवसाला शंभराची वेस घातली होती, ती नंतर दोनशेवर नेली.

एक मात्र सांगतो. कोटा नव्याने मिळेल म्हणून रात्री बारापर्यंत जागत बसू नका. मागचे 24 तास मोजतात, तारीख नव्हे. आणि 100 जणांना एकच मेल धाडली, तर हिशेबात ती शंभर धरतात. चार खाती उघडून पाळीपाळीने पाठवण्याची आपली युक्ती झकासच, फक्त चारही खाती एकदम बंद पडली तर नवल मानू नका. घाऊक मेलची रीतसर सेवा पैसे मोजून घेता येते. पण तिथे आधी विचारतात, 'हे पत्ते आणले कुठून?' तो प्रश्न तुम्हाला अवघड.

फेब्रुवारी 2024 पासून गूगलने तर कहरच केला. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000च्या वर मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख पटवायची, एका क्लिकवर नाव काढू द्यायचं, आणि हजारात तिघांनी 'स्पॅम' म्हटलं की गाडी अडलीच. हजारात तीन! आपल्या यादीत तर काकी आणि मी धरून दोघे आताच झालो.

तेव्हा आमची दोन नावं काढा. यादीत ज्यांनी स्वतःहून पत्ता दिला तेवढेच ठेवा. मग पाचशेची मर्यादा तुम्हाला पुरून उरेल.

कळावे, लोभ असावा, मेल नसावी.

आपला,
एक आंबोलीकर

ता. क. : पावसाळ्यातल्या रविवारी मुख्य धबधब्यापाशी गाडी लावायला जागा नसते. पाचशेच्या पुढच्यांना ज्या मर्यादेने अडवलं, तिचे गावातर्फे आभार.