कुंडीतल्या झाडाचे मामलेदार

निवृत्त माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असा उपदेश सर्वच शहाणे लोक करतात. पण छंद लागल्यानंतर त्याच्या घरच्यांनी काय करावे, याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मराठी माणसांची वस्ती मुबलक आहे, आणि त्या वस्तीत निवृत्तांचा एक विशिष्ट नमुना हमखास आढळतो. मुले मार्गी लागली, घराचे हप्ते फिटले, कचेरीतला हाताखालचा माणूस अंतरला आणि अधिकार गाजवावा असे घरात कोणीच उरले नाही, अशा अवस्थेत हा गृहस्थ बोन्सायच्या नादी लागतो. त्यातही ज्युनिपर, मेपल यांसारख्या सरळमार्गी झाडांनी त्याचे समाधान होत नाही. तो बाल्ड सायप्रसला हात घालतो.

हा वृक्ष वस्तुतः लुइझियाना, फ्लोरिडा, कॅरोलिना या दक्षिणेकडील प्रांतांतल्या दलदलींचा रहिवासी. लुइझियानाने 1963 साली त्याला राज्यवृक्षाचा मान दिला, आणि नॉर्थ कॅरोलिनातील ब्लॅक नदीच्या पाणथळीत उभा असलेला एक वृक्ष किमान 2,624 वर्षांचा असल्याचे 2019 साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. बुद्धाच्या आगेमागे उगवलेल्या या कुळाला घाई म्हणून ती ठाऊकच नाही. शिवाय हा सूचिपर्णी वृक्ष असूनही सागासारखा पाने झाडून मोकळा होतो. हिवाळ्याच्या तोंडावर त्याची पिसासारखी पाने विटकरी होतात, आणि बारीक काटक्यांसकट गळून पडतात. मागे उरतो तो एक करडा, निष्पर्ण सोट. न्यू ऑर्लीन्सच्या व्हॉन बॅंटिंग यांनी या झाडाचा माथा दलदलीतल्या वृद्ध वृक्षांप्रमाणे सपाट ठेवण्याची शैली बोन्सायमध्ये रूढ केली; त्यांचे नाव घेताना आमचा गृहस्थ, घराण्याचे गवई उस्तादांचे नाव घेताना लावतात तसा, कानाला हात लावतो.

या गृहस्थाचे आजोबा कोकणात मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. दोन पिढ्या दबून राहिलेले ते रक्त सातासमुद्रापार, एका चिनी मातीच्या कुंडीपुढे उसळी मारून वर आले. पहिला हुकूम सुटला तो घरातल्या मोटारीविरुद्ध. जमिनीतला बाल्ड सायप्रस तिथली थंडी सहज सोसतो. पण उथळ कुंडीत मुळांना जमिनीची ऊब नसल्याने ती गोठून मरण्याचा संभव असतो, आणि उलट उबदार दिवाणखान्यात ठेवावे तर झाडाला झोपच लागत नाही. त्यास शून्याच्या किंचित वरचे तपमान हवे, आणि असे तपमान साऱ्या घरात एकट्या गॅरेजात असते. तेव्हा मोटारीची जप्ती होऊन ती अंगणात आली, तिच्या जागी सात कुंड्यांचा सरंजाम दाखल झाला, आणि चार महिने रोज पहाटे काचेवरचे बर्फ खरवडण्याचे काम अर्थातच बाईंच्या वाट्याला आले.

निद्रिस्त झाडालाही थोडी ओल लागतेच. ती देण्याची जी रीत आमच्या गृहस्थाने उचलली आहे, ती शास्त्रशुद्ध असली तरी शेजाऱ्यांच्या पचनी पडलेली नाही. आळीतले झाडून सारे पुरुष फावड्याने बर्फ घराबाहेर लोटीत असता, हा एकटाच घमेले भरभरून बर्फ घरात नेत असतो. कुंडीवर ठेवलेले बर्फ सावकाश वितळते आणि माती बेताने भिजते, हे तो समोरच्या गोऱ्या गृहस्थाला मोठ्या आत्मीयतेने समजावून सांगतो. तो सज्जन मान डोलावतो आणि घरात जाऊन दार लावून घेतो.

खरा कसोटीचा काळ सुरू होतो तो एप्रिलात. बाहेर चेरी फुलून गेलेली असते, मेपलने लालसर पालवी धरलेली असते, आणि सायप्रस मात्र जागचा हालत नाही. वास्तविक ही दिरंगाई त्याच्या स्वभावातच आहे. पुरेशी ऊब आल्याखेरीज तो डोळा उघडीत नाही. परंतु कारकुनी रक्ताला मुदत टळलेली सोसत नाही. रोज सकाळी चहापूर्वी फेरतपासणी होते. काटकी वाकवून पाहायची. लवली तर जिवंत, कडकन मोडली तर मयत. मग अंगठ्याच्या नखाने साल खरवडायची. खाली हिरवा ओला थर दिसला की वहीत तारीखवार नोंद करायची. ही परीक्षा एकदा केली तर निर्दोष आहे. पण रोज नव्या जागी केलेल्या या पंचनाम्याने कोवळ्या फांदीवर साल म्हणून उरत नाही, आणि कालचा हिरवा पुरावा आज वाळून काळा पडतो. मग तो काळा डाग पाहून गृहस्थाचा धीर सुटतो, आणि जीव आहे की नाही याची खातरजमा करण्यासाठी तो आणखी थोडे खरवडतो.

“अहो, गेलं असेल ते. सोडा आता त्याचा नाद,” बाई म्हणतात.

“गेलेलं नाही. रजेवर आहे.”

“मग रजा संपते कधी?”

“वाढवून घेतलीय,” असे म्हणून गृहस्थ वही मिटतो.

यावर बाई काही बोलत नाहीत. पण मुलीला फोन करतात.

याच सुमारास दिवसा ऊन पडते आणि रात्री दव गोठते. गॅरेजच्या उबेत फुगू लागलेल्या कळ्या अशा एका रात्रीतही करपतात, म्हणून साती कुंड्या सकाळी बाहेर आणि तिन्हीसांजेला आत, अशी ये-जा सुरू होते. ज्या इसमाने उभ्या संसारात दुधाची पिशवी आत आणली नाही, तो कंबरेला पट्टा बांधून मणभर ओझी वाहतो. पुतणीच्या साखरपुड्यातून तो आठ वाजता उठून गेला तो प्रकृतीच्या कारणाने नव्हे, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

आणि मग, बहुधा वैशाख वणवा आपल्याकडे पेटलेला असतो तेव्हा, एके दिवशी त्या सोटावर मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसतात. हा क्षण कुंडी बदलण्यास उत्तम. मुळांची छाटणी, जपानी अकादामा मातीचे दाणे, तारेने खोड कुंडीला घट्ट बांधणे, हे सारे याच आठवड्यात उरकावे लागते. गृहस्थ मात्र पहिले दोन दिवस पुण्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत छायाचित्रे धाडण्यात घालवतो. तिसऱ्या दिवशी उमजते की कळ्या फांद्यांवर थोड्या आणि खोडावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शेकड्यांनी फुटल्या आहेत. ही या झाडाची रीतच आहे. आकार साधायचा तर नको त्या कळ्या वेळीच काढाव्या लागतात. ज्या माणसाने महिनाभर एका हिरव्या ठिपक्यासाठी सत्यनारायण बोलण्यापर्यंत मजल नेली होती, तोच आता आरामखुर्चीत बसून अंगठ्याने शंभर ठिपके पुसून टाकतो. आणि त्या वेळी त्याच्या मुद्रेवर अर्ज नामंजूर करणाऱ्या अंमलदाराचे जे गाढ समाधान विलसते, ते नोकरीच्या कोणत्याही बढतीने त्यास लाभले नसावे.

पुढे उन्हाळाभर कुंडी पाण्याच्या टबात बसवून ठेवली की झाड दलदलीत असल्यागत सुखाने वाढते, आणि त्यास मालकाची फारशी गरज राहत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात हा गृहस्थ थोडा उदास दिसतो.

तेव्हा वाचकहो, एप्रिल महिन्यात अशा घरी जेवणाचे आमंत्रण आलेच, तर गॅरेजातले सोट पाहून “ही वाळलेली झाडं टाकून का देत नाही?” असे चुकूनही विचारू नका. “यंदा कुंडी कधी बदलणार?” एवढेच विचारा, मात्र आधी जेवून घ्या, कारण त्या प्रश्नाचे उत्तर दीड तासाच्या आत संपल्याचा दाखला नाही.