ओळख पटेल इतपत

सीसीटीव्हीचं कोटेशन घेऊन येणारा तरुण सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक साधा प्रश्न विचारतो आणि मीटिंग बिघडते. "साहेब, तुम्हाला नक्की काय बघायचंय?" कुठली कंपनी, किती मेगापिक्सेल, किती दिवसांचं रेकॉर्डिंग, याची उत्तरं कमिटीकडे तयार असतात, कारण ती शेजारच्या सोसायटीनं आधीच देऊन ठेवलेली असतात. काय बघायचंय हे मात्र शेजाऱ्यांना विचारता येत नाही. आमचे अध्यक्ष म्हणाले, "सगळं." त्यावर त्यानं बॅगेतून दोन पांढरे घुमट काढून टेबलावर ठेवले. दिसायला सख्खे भाऊ. एकात फिक्स्ड लेन्स, दुसऱ्यात व्हेरिफोकल, म्हणजे चारचौघांच्या भाषेत झूमवाला. झूमवाल्याची किंमत दुपटीच्या पुढे आहे हे ऐकल्यावर खजिनदारांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

लेन्सवरचा आकडा जितका लहान, तितकी नजर रुंद. 'टू पॉइंट एट', म्हणजे २.८ मिलिमीटरची लेन्स शंभर अंशांच्या आसपास पाहते. पार्किंग, कचऱ्याचे डबे, वॉचमनची खुर्ची आणि समोरच्या सोसायटीचा अर्धा जिना, सगळं एका चौकटीत. १२ मिलिमीटरला जेमतेम पंचवीस-तीस अंश दिसतात. पण तेवढ्यात कुलपाचं भोकही दिसतं. फिक्स्ड लेन्सला कारखान्यात जो आकडा मिळतो तो जन्माचा. व्हेरिफोकलला २.८ पासून १२ पर्यंत मधे कुठेही मुक्काम करता येतो.

एवढं कळल्यावर निम्म्या सभासदांचं मत झूमकडे झुकलं आणि ते संपूर्ण चुकीच्या कारणानं झुकलं. गुन्हेगारी मालिकांनी आपल्याला शिकवून ठेवलंय की फुटेज कितीही धुरकट असो, कॉम्प्युटरपुढच्या माणसाला 'झूम कर' म्हटलं की चोराच्या अंगठीतला खडा दिसू लागतो. प्रत्यक्षात झूम करायचा तो आधी, लेन्सनं. रेकॉर्ड झालेलं चित्र नंतर दोन बोटांनी कितीही ताणलं तरी ठिपके मोठे होतात, चेहरा होत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? हे त्या तरुणानं समजावलं, पण अशाच मालिकेत गुन्हे उकलणाऱ्या शिवाजी साटमांच्या इतक्या वर्षांच्या कामापुढे त्या बिचाऱ्याच्या शब्दाला काय वजन.

मग मी कागद घेऊन हिशेब मांडला. (निवृत्त माणसाच्या हाती भागाकार लागला की तो सोडत नाही.) २ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे ठिपके १९२०. २.८ ची लेन्स दहा मीटरवर सुमारे पंचवीस मीटर रुंदीचा पट्टा पाहते. म्हणजे मीटरमागे पाऊणशेच्या आसपास ठिपके. माणसाचा चेहरा पंधरा-सोळा सेंटिमीटर रुंद. त्याच्या वाट्याला आडवे ठिपके आले बारा. बारा ठिपक्यांत अंगणात सुरेख कमळ काढता येतं, ते काढणाऱ्या बाईंचा चेहरा काढता येत नाही. तोच चेहरा त्याच अंतरावरून १२ मिलिमीटरनं पाहिला तर साठेक ठिपके मिळतात. साठात भुवई दिसते, भुवईतली नापसंतीसुद्धा.

कॅमेऱ्यांच्या धंद्यातल्या लोकांनी याची रीतसर उतरंड लावून ठेवलेली आहे. आयईसी ६२६७६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौथ्या भागाच्या २०१४ च्या आवृत्तीत ती सापडते. मीटरमागे २५ ठिपके असले तर कोणीतरी आहे एवढं कळतं. साडेबासष्टला तो काय करतोय आणि त्यानं साधारण काय घातलंय ते कळतं. १२५ ला माणूस ओळखीचा असेल तर ओळखू येतो. आणि २५० ला, पूर्वी कधी न पाहिलेला माणूसही हाच, अशी खात्रीनं ओळख पटवता येते.

ही उतरंड वाचताना मला राहून राहून वाटलं की हे मानक लिहिणाऱ्यांपैकी कोणीतरी पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत भाड्यानं राहून गेलं असणार. आमचा नोटीस बोर्ड याच पायऱ्यांवर चालतो. 'कोणीतरी गच्चीचं दार उघडं ठेवत आहे', ही झाली पंचवीस ठिपक्यांची नोटीस. 'काही सभासद रात्री उशिरा दुचाकी आडवी लावतात', ही बासष्टची. कृती दिसते, वाहन कळतं, माणूस नाही. 'एका सभासदांच्या वारंवार निदर्शनास आणूनही', ही थेट सव्वाशेची. ज्यांना माहीत आहे त्यांना नाव न घेता कळतं, ज्यांना माहीत नाही ते शेजारच्या फ्लॅटमध्ये जाऊन विचारून येतात. आणि अडीचशे? नाव, फ्लॅट नंबर आणि केलेलं कृत्य एका ओळीत? ती पायरी आमच्या बोर्डानं अजून चढलेली नाही. तिथे फक्त मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लावावी असं एकदा ठरलं होतं. यादीत कमिटीतलेच दोघे निघाल्यावर बोर्डाची काच बदलायचं काम निघालं.

खरा पेच जास्वंदीनं घातला. ए विंगच्या भिंतीलगत लाल जास्वंदीचं झाड आहे आणि त्याची फुलं पहाटे, झाड लावणाऱ्या बाई उठायच्या आत, नाहीशी होतात. गणपतीच्या दिवसांत तर कळ्यासुद्धा. त्या बाईंनी मीटिंगमध्ये सरळ मागणी केली की एक झूमचा कॅमेरा जास्वंदीवर लावा, खर्चाचा भार मी उचलते. इतका वेळ झूमच्या बाजूनं हिरिरीनं बोलणारे तीन ज्येष्ठ सभासद एकदम पंख्याकडे बघू लागले. देवासाठी तोडलेल्या फुलाला आपल्याकडे चोरी म्हणत नाहीत, हे शास्त्र कुठे लिहिलंय ते मला ठाऊक नाही, पण ते पाळणारे पहाटे पिशवी घेऊन निघतात आणि दिवसा सोसायटीचे हिशेब तपासतात. एकानं खाकरून सांगितलं की कॅमेऱ्यांचा हेतू सर्वसाधारण सुरक्षेचा असून एकेका झाडावर लेन्स रोखणं बरं दिसत नाही. दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. फिक्स्ड लेन्सच्या बाजूचं बहुमत तिथे तयार झालं.

तांत्रिकदृष्ट्याही त्यांना घाबरायचं फारसं कारण नव्हतं. अंधारात हे कॅमेरे अवरक्त दिव्यांवर चालतात. चित्र काळं-पांढरं होतं आणि रंगांची ग्वाही संपते. काळा सदरासुद्धा कधी कधी पांढरट दिसतो. त्यामुळे पहाटे साडेचारच्या फुटेजवरून शपथेवर एवढंच सांगता आलं असतं, की एका पांढरट आकृतीनं एक पांढरट फूल तोडलं.

ज्यांनी अशा कॅमेऱ्यांची सुरुवात केली त्यांचा मला हेवा वाटतो, तो त्यांच्या प्रश्नांच्या नेमकेपणासाठी. १९४२ मध्ये जर्मनीतल्या पेनेम्युंडेला वॉल्टर ब्रुख या अभियंत्यानं कॅमेरे लावले ते अग्निबाणाचं उड्डाण पाहायला; त्या बाणाजवळ उभं राहणं शहाणपणाचं नव्हतं आणि तो उडाला की फुटला एवढंच पाहायचं होतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिका. कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे फार, पोलीस यायला वेळ लागायचा. त्यांनी नवऱ्याच्या मदतीनं १९६६ मध्ये घरच्या दारासाठी कॅमेऱ्याची योजना पेटंटसाठी दाखल केली. १९६९ मध्ये ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, आणि कॅमेरा वर-खाली सरकून उंच माणूस असो की पोर, ज्याच्या त्याच्या तोंडासमोर येणार. झूम नाही, रुंदी नाही. बाईंना एकच जाणून घ्यायचं होतं: दारात कोण? आणि १९९१ साली केंब्रिजच्या संगणक विभागात लावलेला कॅमेरा तर कॉफीच्या भांड्यावर रोखलेला होता, जिने चढून-उतरून गेल्यावर भांडं रिकामं निघू नये म्हणून. चित्र फक्त १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं. कॉफी आहे की नाही, याला तेवढे पुष्कळ झाले. आमच्या अध्यक्षांच्या 'सगळं'ला मात्र अजून लेन्स निघालेली नाही.

घुमट कशाला, नुसता नळकांड्यासारखा 'बुलेट' का नको, हाही मुद्दा निघाला. घुमटाचं मोठेपण असं की गडद काचेआड कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे ते खालच्याला दिसत नाही. कॅसिनोवाल्यांना हा गुण फार आवडला. जेरेमी बेंथमनं १७९१ मध्ये गोल तुरुंगाचा जो आराखडा छापला त्यातलीही युक्ती हीच: पहारेकरी बघतोय की डुलक्या काढतोय हे कैद्याला कळू नये, म्हणजे तो कायम नीट वागेल. आमच्याकडे याचा परिणाम वेगळाच झाला. लिफ्टसमोरचा घुमट बसल्यापासून लोक नीट वागतात असं म्हणवत नाही, पण केस नीट करतात.

बाकी उघड्यावरच्या घुमटाच्या व्याधी वेगळ्या. पावसाचे थेंब काचेवर बसले की रात्री कॅमेऱ्याचाच उजेड उलटून त्याच्या डोळ्यात जातो. वॉचमननं प्रेमानं कोरड्या फडक्यानं पुसला तर चरे पडतात आणि दर रात्री धुकं दिसतं. दिव्यापाशी किडे येतात, किड्यांपाशी कोळी येतो, आणि लेन्सपुढून चालणारा तो कोळी पार्किंगमधल्या गाडीपेक्षा मोठा दिसून मोबाइलवर इशारे पाठवत राहतो. खोक्यावर 'आयके १०' लिहिलेलं असतं. पाच किलोचं वजन चाळीस सेंटिमीटरवरून आदळलं तरी काच टिकेल, असा त्याचा अर्थ. आमच्या आवारातल्या टेनिस बॉल क्रिकेटला हा दाखला पुरेसा वाटला.

झूमवाल्याबद्दल माझं मत सांगायला हरकत नाही. तो घ्यावा, पण त्याच्याबद्दल गैरसमज नसावा. आपण ज्याला झूम म्हणतो तो व्हेरिफोकल एकदा शिडीवर चढून जुळवला की तिथेच राहतो. साध्या प्रकारात घुमट उघडून दोन स्क्रू फिरवायचे, एक नजरेच्या रुंदीसाठी, एक फोकससाठी. मोटरवाल्यात तेच खाली उभं राहून मोबाइलवरून. रुंदी बदलली की फोकसही पुन्हा लावावा लागतो, खऱ्या झूम लेन्सचं तसं नसतं. त्यामुळे रोज उठून त्याच्याशी कोणी खेळत नाही. जास्तीचे पैसे पडतात ते जुळवणीच्या त्या एका दिवसाचे. ते मला वाया गेलेले वाटत नाहीत, कारण खांब कुठे आहे, अशोकाची फांदी कुठवर आलीय, आणि गेट खांबापासून किती लांब पडतं, हे कोटेशनच्या कागदावर कधीच खरं नसतं. गोल गोल फिरणारा कॅमेरा घ्यावा अशीही एक सूचना आली होती. तो हवा तिथे रोखायला माणूस लागतो, आणि तो गेटकडे बघत असताना मागच्या भिंतीवरून कोण आलं याची नोंदच उरत नाही, असं कळल्यावर ती मागे घेतली गेली.

तर झूमवाला एकच घेतला, गेटासाठी. खांबापासून गेट चौदा मीटर, चौकट सात मीटर रुंद, लेन्स जवळजवळ १२ वर. मीटरमागे पावणेतीनशेच्या घरात ठिपके. मानकाची ओळख पटवण्याची पायरी सहज ओलांडली. उरलेले सात फिक्स्ड, टू पॉइंट एट, आवारभर. हिशेब काटेकोर, खर्च बेताचा, ठराव एकमतानं मंजूर. घरी येऊन नकाशाकडे बघताना त्यातली वाटणी लक्षात आली. दूधवाला, पार्सलवाले, पोळ्या करायला येणाऱ्या बायका, ज्यांची पूर्ण नावंही आमच्यातल्या बहुतेकांना सांगता येणार नाहीत, त्यांचे चेहरे रोज अडीचशेच्या वर टिपले जाणार. आम्हीही त्याच गेटातून येतो म्हणा, पण गाडीच्या काळ्या काचांमागून. आणि आत आल्यावर आम्ही काय करतो, कुठल्या झाडाखाली थांबतो, कोणाच्या जागेवर गाडी लावतो, ते पाऊणशे ठिपक्यांत. ही वाटणी कोणी ठरवून केली नाही. कोणी हरकतही घेतली नाही.

शेवटी हार्ड डिस्क. एक कॅमेरा २ मेगाबिटच्या वेगानं चोवीस तास रेकॉर्ड करत राहिला तर दिवसाला साडेएकवीस गिगाबाइट जमतात. आठ कॅमेऱ्यांचे झाले पावणेदोनशेच्या आसपास. दोन टेराबाइटच्या डिस्कवर साडेअकरा दिवस मावतात. मग नवीन दिवस जुन्यावर लिहिला जातो. त्या तरुणानं चार टेराबाइटची डिस्क सुचवली, महिनाभर जपून ठेवायचं तर त्याहून मोठी. कमिटीनं दोनचीच घेतली. पार्किंगवरून झालेलं भांडण आमच्याकडे बाराव्या-तेराव्या दिवशी चहावर येतं, आणि तोवर पुरावा शिल्लक राहिला तर चहा गार होतो, असं खजिनदारांचं म्हणणं पडलं.