एक किलोमीटरच्या आत

सरकारने आपल्याच शाळांची जाहीर वाखाणणी करावी, असे योग विरळाच येतात. ९ फेब्रुवारी २०२४ला तो आला, आणि तोही राजपत्रातून. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. महाराष्ट्र सरकारने त्यात पाचर मारली. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला या जबाबदारीतून सुट्टी. मथितार्थ असा, की आमची शाळा हाकेच्या अंतरावर असताना गरिबाच्या पोराने तिकडे जायचंच कशाला?

पालकांनी ही वाखाणणी फारशी मनावर घेतली नाही. सरकारी शाळा या प्रवेशांच्या यादीत घातल्यावर जागा ८ लाख ८० हजारांच्या पुढे गेल्या आणि अर्ज आले ७० हजारांच्या आसपास. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली, यादी पुन्हा खासगी शाळांची झाली. आता जागा उरल्या सुमारे १ लाख ५ हजार, तर अर्ज पडले २ लाख ४० हजारांहून जास्त. जुलैत न्यायालयाने तो नियमच मोडीत काढला.

पालकांना अक्कल नाही, असं म्हणायचीही सोय नाही. साहेब लोक आपली मुलं कुठे घालतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने यावर जालीम औषध काढलं होतं: उत्तर प्रदेशात सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत. औषध लिहून दिलं गेलं. घेतलं कोणी नाही.

बरं, ज्याच्यासाठी एवढी झुंबड, तो माल तरी कसा आहे? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतली पाचवीची ४४.८ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली, खासगीतली ५९.३ टक्के. म्हणजे फी भरून, टाय बांधून, पिवळ्या बसने जाऊनही दहातल्या चौघांचं गाडं दुसरीच्या धड्यापाशी अडलेलंच. शिवाय खासगीतल्या मुलांची घरंही जरा बरी असतात, शिकवणी असते. त्याचं श्रेय शाळेने परस्पर खिशात घालू नये. आंध्र प्रदेशात अर्थतज्ज्ञांनी सोडत काढून काही सरकारी शाळांतली मुलं खासगीत पाठवली आणि चार वर्षांनी तपासली. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली, हिंदीत खासगीवाली पुढे. खासगीचा दरडोई खर्च मात्र सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. या काटकसरीचं गुपित फार खोल नाही: तिथल्या शिक्षकाला सरकारी मास्तरच्या पगाराच्या मानाने फारच थोडं मिळत होतं.

सरकारी मास्तर त्या पगारात काय काय करतात, हे जानेवारी २०२४मध्ये दिसलं. मराठा समाजाच्या सर्वेक्षणासाठी मोबाइल घेऊन ते दारोदार फिरत होते. ते आटोपतं न आटोपतं, तोच फेब्रुवारीत मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत मुलांचे आणि पालकांचे सेल्फी चढवायचं काम आलं. एरवी मतदार याद्या आहेत, खिचडीचा हिशेब आहे, आणि ‘लिंक आजच भरा’ असा ग्रुपवर पडणारा निरोप तर बारमाही. मधल्या वेळेत वर्ग.

पलीकडे खासगीच्या दारातही गरिबाला पायघड्या नसतात. आधी सायबर कॅफेत बसून नकाशावरचा लाल फुगा नेमका आपल्या घरावर टेकवायचा. तो चुकून नाल्यापलीकडे बसला तर मूल शाळेपासून लांब गेलं. मग उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, सोडत. नंबर लागला, की शाळा आठवण करून देते, की माफ झाली ती फी. पुस्तकं, गणवेश आणि ‘ॲक्टिव्हिटी’चं तेवढं बघा. शाळेचंही दुखणं खोटं नाही. मुलामागे १७,६७० रुपयांचा दर ठरवून देणारं सरकार ते पैसे वर्षानुवर्षं थकवतं. सुट्टी देणारा नियम सुचला तो याच सरकारला, हा योगायोग समजावा.

मात्र शाळांची एक जात सरकारी फायलीत बसत नाही. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी प्रतीक्षा यादी लागायची. पुढे तिथल्या मुख्याध्यापकांच्या वाट्याला निलंबन आणि चौकशी आली, आणि नंतर नेमणूक झाली ती खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या चिमुकल्या शाळेवर. २०२५मध्ये त्या शाळेने जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर मिळणारा पुरस्कार पटकावला. हा प्रयोग यशस्वी म्हणायचा, की मुख्याध्यापकांच्या पुढच्या बदलीची वेळ झाली म्हणायचं, हे खात्याने अजून कळवलेलं नाही.