तीस युरोंची पावती

जर्मनीत चर्च सोडायला धर्मगुरूचं तोंडही पाहावं लागत नाही. कोलोनमध्ये राहणाऱ्याने ओळखपत्र घेऊन सरळ खालच्या कोर्टात जायचं, कारकुनासमोर सही करायची, ३० युरो मोजायचे आणि पावती घेऊन बाहेर पडायचं. (यहूदाला चांदीची तीस नाणी मिळाली होती, इथे भरावी लागतात. महागाई म्हणतात ती हीच.) कोर्ट मधे येतं कारण इथे श्रद्धेची नोंद प्राप्तिकराच्या दप्तरी असते. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी सगळीकडे ९ टक्के चर्चकर लागतो. नोकरदाराच्या पगारातून तो परस्पर कापला जातो आणि सरकार स्वतःची हमाली वजा करून चर्चला पोचवतं. कॅथलिक चर्चला यातून वर्षाला साडेसहा अब्ज युरोंच्या आसपास मिळतात. दानपेटीपुढे हात आखडता घेता येतो, पगारातल्या कपातीपुढे येत नाही. म्हणून कोर्ट. २०२१ च्या सुरुवातीला कोलोनच्या कोर्टाने यासाठी महिन्याला हजार माणसांची सोय ठेवली होती. ती पुरेना, तेव्हा दीड हजारांची केली. तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाला संगणकापुढे बसणाऱ्या आपल्या मंडळींना ही धांदल वेगळी समजावून सांगायला नको.

हजाराचे दीड हजार का झाले, याचं उत्तर कोलोनच्या आर्चबिशपच्या कचेरीत आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं वरिष्ठांनी कशी हाताळली हे तपासायला आर्चबिशप कार्डिनल राइनर मारिया वोल्की यांनी म्युनिकच्या वकिलांकडून अहवाल करवून घेतला आणि तो हाती आल्यावर, पद्धत सदोष आहे असं सांगून छापायचं नाकारलं. मग दुसरे वकील, दुसरा अहवाल. तो मार्च २०२१ मध्ये आला: ३१४ पीडित, २०२ आरोपित आणि आठ वरिष्ठांनी कर्तव्यात केलेल्या कसुरीच्या ७५ नोंदी. त्यातल्या २४ एकट्या वोल्की यांच्या आधीचे आर्चबिशप, दिवंगत कार्डिनल माइसनर यांच्या खात्यावर. माइसनर अशा पाद्र्यांचे कागद वेगळ्या फायलीत ठेवत, आणि त्या फायलीचं नाव होतं ‘धुक्यातले बंधू’. मुरलेल्या हेडक्लार्कलाही फायलीसाठी इतकं काव्यमय नाव सुचलं नसतं. ज्या मुलांचं आयुष्य त्या धुक्यात हरवलं, त्यांच्यासाठी फाईल नव्हती. वोल्की यांच्यावर या अहवालाने ठपका ठेवला नाही, हे नोंदवायलाच हवं. पण अहवाल आणि प्रतिमा सावरणारे सल्लागार यांवर मिळून २८ लाख युरोंच्या घरात खर्च झाला. मार्च २०२२ मध्ये वोल्की यांनी राजीनामा पोपकडे दिला, आणि पोप फ्रान्सिस यांचं २०२५ मध्ये निधन होईपर्यंत त्यावर निर्णय आला नाही. प्रलंबित हा शब्द रोममध्येही चालतो तर.

या घरात हिशेब फक्त वरच्या मजल्याला द्यायचा असतो. खालच्या मजल्यावरच्यांनी भाडं भरायचं. बिशपला नेमतो पोप, काढतोही पोप. करदात्या सभासदाला त्यात मत नाही. लिम्बुर्गचे बिशप टेबार्ट्झ-फान एल्स्ट भारतातल्या गोरगरिबांमधलं काम पाहायला विमानाच्या पहिल्या वर्गाने बंगळूरला आले होते. त्याबद्दल शपथेवर खोटं सांगितल्याचं प्रकरण २०१३ मध्ये २० हजार युरो भरून मिटलं. त्यांच्या निवासाच्या संकुलाचा खर्च ३ कोटी १० लाख युरोंवर गेला, त्यात १५ हजारांचा एक बाथटब. (एवढ्या पाण्यात काय काय धुऊन निघणार होतं, कोण जाणे.) २०१४ मध्ये पद गेलं, आणि पुढे व्हॅटिकनने त्यांना काम दिलं ते धर्मशिक्षणाच्या विभागात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोक कर वाचवायला जातात, तत्त्वाच्या गप्पा नंतर सुचतात. तसे असतीलही काही. पण कराचा दर तोच राहिला आणि कॅथलिक चर्च सोडणारे २०२० मध्ये सव्वादोन लाखांच्या आत होते, ते २०२२ मध्ये ५ लाख २२ हजार ८२१ झाले. दोन वर्षांत जर्मन माणूस एकाएकी कंजूष झाला असं मानायचं, की मधल्या काळात काही वाचून त्याचं डोकं फिरलं असं मानायचं? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रोटेस्टंट चर्चमध्ये नेतृत्व निवडून येतं, तरी तिथूनही त्याच वर्षी पावणेचार लाखांवर माणसं गेली. म्हणजे श्रद्धाच आटते आहे, उगाच बिशपांच्या नावाने बोटं मोडू नका. श्रद्धा आटते आहे, कबूल. पण २०२४ मध्ये त्या चर्चमधल्या अत्याचारांचा अभ्यास बाहेर आला तेव्हा कळलं, की २० प्रांतिक चर्चपैकी कर्मचाऱ्यांच्या फायली पूर्णपणे संशोधकांपुढे ठेवणारं चर्च एकच होतं. निवडणूक होते म्हणून कपाट आपोआप उघडत नाही, हे आपल्याकडच्या सहकारी बँकांच्या ठेवीदारांना विचारा.

उरला सज्जनांचा सल्ला: सोडून काय होणार, आत राहून सुधारा. तेही झालं. २०१९ ते २०२३ कॅथलिक बिशप आणि सामान्य श्रद्धाळू एकत्र बसले, ठराव झाले, मतदान झालं. दोघांनी मिळून कारभार पाहणारी कायमची परिषद नेमायचं ठरलं, तर जानेवारी २०२३ मध्ये व्हॅटिकनने कळवलं की असला अधिकार तुम्हाला नाही. आत राहून सुधारणाऱ्याला कुलूप लागतं ते आतूनच. सोडणाऱ्याची शिक्षा मात्र बिशपांच्या २०१२ च्या हुकमापासून लेखी आहे: संस्कार बंद, दुसऱ्याच्या मुलाचा धर्मपिता होणं बंद, आणि पश्चात्ताप न दाखवता मेला तर चर्चचा अंत्यविधीही नाकारता येतो. त्याच हुकमासोबत पत्राचा एक नमुना जोडला होता. कोर्टातून नाव कळलं की स्थानिक पाद्र्याने ते पत्र सोडून गेलेल्याला पाठवायचं, भेटीला बोलवायचं आणि जाण्याची कारणं विचारायची. पत्र घरी येतं, आणि जाणकार सांगतात की कोर्टाची ती तीस युरोंची पावती जन्मभर जपून ठेवा, कारण आपण बाहेर पडलो हे उद्या आपल्यालाच सिद्ध करावं लागू शकतं.